ॲक्सेसिबिलिटीला मराठीत काय म्हणायचं: सुलभ, प्रवेशयोग्य की सुगम्य?

प्रश्न असा आलाय: "आमच्या संस्थेची वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता येईल अशी करून घेतोय. 'ॲक्सेसिबिलिटी' या पानाला मराठी नाव काय द्यावं? कुणी सुलभता सुचवतं, कुणी प्रवेशयोग्यता. सरकारी कागदांवर सुगम्यता असतं, पण तो हिंदी शब्द ना?"

मी सुगम्यता म्हणेन, आणि अगदी मनापासून म्हणेन.

प्रवेशयोग्यता हा शब्द मला पटतच नाही. 'प्रवेशास योग्य' म्हटलं की कॉलेजची ॲडमिशन डोळ्यासमोर येते, कोण पात्र नि कोण अपात्र. म्हणजे योग्यता माणसाची तपासतोय असं वाटतं, इथे तपासायची असते वेबसाइटची.

सुलभ हा शब्द चांगला आहे, पण त्याचा अर्थ सोपं, सहज मिळणारं. सुलभ हप्ते म्हणतो तसं. आणि सोपं असलं म्हणजे सगळ्यांना वापरता येतं असं नाही, हे मी माझ्या मावसभावाजवळ बसून पाहिलंय. त्याला दिसत नाही, तो कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर. एका कार्यालयाचा ऑनलाइन फॉर्म भरत होता, इनमीन तीन रकाने, नाव, मोबाइल नंबर आणि पिनकोड, मला दिसायला एकदम सोपा. त्याने टॅब दाबला, आवाज आला "एडिट ब्लँक". परत टॅब, "एडिट ब्लँक". तिसऱ्यांदाही तेच. रकान्यांची नावं शेजारी नुसती छापलेली होती, कोडमध्ये त्या रकान्यांना जोडलेलीच नव्हती, त्यामुळे कुठे काय भरायचं हे त्याला कळायला मार्गच नाही. फॉर्म सुलभ होता, सुगम्य नव्हता.

असंच प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. बँकेच्या वगैरे डिजिटल केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात, समोरचा माणूस जिवंत आहे ना हे बघायला. बहुतेकांना दोन सेकंदांचं काम. पण ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या डोळ्यांना इजा झाली आहे, किंवा ज्यांना दिसतच नाही, त्यांनी काय करायचं? 30 एप्रिल 2025 च्या निकालात कोर्टाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आता हिंदीचा मुद्दा. 3 डिसेंबर 2015 ला केंद्राचं सुगम्य भारत अभियान सुरू झालं आणि हा शब्द सगळीकडे पसरला हे खरंच, पण गम्य आपल्याकडे आधीपासून आहे आणि तेही रोजच्या बोलण्यात. "मला शास्त्रीय संगीतातलं फारसं गम्य नाही" असं आपण म्हणतो ना, म्हणजे कळत नाही. डॉक्टरांचं अक्षर अगम्य असतं. संस्कृतात गम् म्हणजे जाणे, पोचणे, मराठीत त्याच गम्यला 'कळण्याजोगं' हा अर्थ पक्का चिकटलाय. त्यामुळे सुगम्य म्हटलं की मराठी कानाला दोन्ही ऐकू येतं, पोचता येणं आणि समजणं. (मग नुसतं सुगम का नको, असं कुणी विचारेल. सुगम संगीतामुळे तो शब्द परत सोप्याकडे जातो म्हणून.)

हे समजणं मराठी पानांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली पानं आणि पीडीएफ अजून पडलेली आहेत, डोळ्यांना मस्त मराठी दिसतं पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, स्क्रीन रीडर तेच बडबडतो आणि ऐकणाऱ्याला सगळं अगम्य. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) लिहायची ती कुणीतरी 'एचआय' (म्हणजे हिंदी) लिहून ठेवलेली असते, मग बऱ्याचदा हिंदी आवाज मराठी वाचायला लागतो. चाक, जहाज, झाड यांतले आपले दंततालव्य च, ज, झ जातात, आणि 25 आलं की पंचवीसऐवजी "पच्चीस". भाऊ म्हणतो, "पहिली दोन वाक्यं हिंदी समजून ऐकतो, मग कळतं की मराठी आहे, मग परत मागे जायचं."

इंग्रजीत ॲक्सेसिबिलिटी हा शब्द इतका लांब की लोक पहिलं अक्षर ए, शेवटचं वाय आणि मधे 11 असं लिहितात, कारण मधे अकरा अक्षरं आहेत. आपलं काम सु-ग-म्य-ता, चार अक्षरांत झालं!

वापरायचं असं: सुगम्य वेबसाइट, फॉर्म सुगम्य करणे, सुगम्यता तपासणी. सुगम्यीकरण नको, जीभ अडखळते. फोनवर कुणाला समजावताना खुशाल ॲक्सेसिबल म्हणा. आणि पानाला सुगम्यता नाव दिलंत की त्याच्या खाली एक ओळ साध्या मराठीत जरूर टाका: "ही वेबसाइट वापरताना कुठे अडलं तर आम्हाला कळवा", सोबत फोन नंबर आणि ईमेल, दोन्ही टाइप केलेले. नंबरचा फोटो टाकू नका, तो स्क्रीन रीडरला नीट वाचता येईलच असं नाही.