बडोद्यातल्या नव्या वाचकासाठी: आजची मराठी कथा-कादंबरी

एकदम जाडजूड कादंबरी हाती घेऊ नका, कथासंग्रहापासून सुरुवात करा. आसाराम लोमटे यांचा 'आलोक' घ्या, एका बैठकीत एकच कथा. बडोद्यात वाढलेला वाचक अडतो तो संवादांत, कारण घरची मराठी वेगळी आणि पुस्तकातली परभणीकडची. अडलेला संवाद मोठ्याने वाचा. डोळ्यांना न कळलेला शब्द पुष्कळदा कानाला कळतो. दर ओळीला शब्दकोश उघडलात तर कथेची लय तुटते, म्हणून शब्द वहीत टिपून पुढे चला. मग कृष्णात खोत यांची 'रिंगाण': धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस. हिची पहिली पन्नासेक पानं सलग वाचाच, तुकड्यांत ती पकड घेत नाही. पुस्तकं विकत घेण्याआधी सयाजीरावांनी उभारलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. अगदी नवे लेखक हवेत तर दिवाळी अंक.