जुन्या काळी अमेरिकन कॉलेजांत खेळ आणि राजकारण वेगळं असायचं ना? तिकडे शिकणाऱ्या माझ्या मुलाने मोर्च्यांपासून लांब राहावं का?

वेगळं कधीच नव्हतं. 1968 ते 70 मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात एम.एस. करत होतो. "तेव्हा मुलं अभ्यास करायची आणि फुटबॉल बघायची" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. माझा आतेभाऊ, दादा, आजही हेच म्हणतो आणि तो तर तिथे माझ्याच खोलीत राहायचा.

1 डिसेंबर 1969 ची रात्र. व्हिएतनामसाठी सक्तीच्या लष्करभरतीची सोडत टीव्हीवर चालू होती. काचेच्या मोठ्या बरणीत 366 निळ्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. ज्याची जन्मतारीख आधी निघेल त्याला आधी बोलावणं. वसतिगृहाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली तारीख 14 सप्टेंबर, दुसरी 24 एप्रिल, तिसरी 30 डिसेंबर. ती आमच्या शेजारच्या खोलीतल्या मुलाची. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात राखीव होता, दुखऱ्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. पिशवी गळून पायमोजा भिजला तरी तो हलला नाही. शिकत असेपर्यंत सूट होती, पण जूनमध्ये त्याची पदवी पुरी होत होती. दादा आणि मी परदेशी विद्यार्थी, आमच्या तारखांना काही अर्थ नव्हता. त्या मुलाकडे बघायचीही मला लाज वाटली.

पाचच दिवसांनी टीव्हीवर टेक्सस विरुद्ध आर्कान्सा, दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना. अध्यक्ष निक्सन स्वतः मैदानात हजर. टेक्ससने 15-14 असा सामना मारला आणि निक्सन थेट त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन "देशातला पहिला संघ" म्हणून फलक देऊन आले. ज्यांच्या सरकारने सोमवारी सोडत काढली, तेच शनिवारी खेळाडूंशी हात मिळवत होते. तीन नंबरवाला समोरच बसला होता. कुणीतरी उठून टीव्ही बंद केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वायोमिंग विद्यापीठाच्या 14 कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रशिक्षकाने संघातून काढलं होतं. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ चालवणारं मॉर्मन चर्च तेव्हा कृष्णवर्णीयांना पौरोहित्य देत नसे, म्हणून त्या विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात यांना निषेधाची दंडाला काळी फीत बांधायची होती. एवढाच गुन्हा. मग यात राजकारण कुणी आणलं, खेळाडूंनी?

4 मे 1970 ला केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याने, 13 सेकंदांत 67 गोळ्या झाडून चार विद्यार्थी मारले. त्या आठवड्यात आमच्याकडच्या मूक फेरीत मी मेणबत्ती घेऊन चाललो. परतलो तर दादा दारातच: "व्हिसा गेला तर मामाला मी काय तोंड दाखवू?" तेव्हापासून हा वाद चालू आहे.

तुमच्या मुलाने जावं, असं माझं मत. मात्र व्हिसाचे आजचे नियम त्याने आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावेत, दादाची भीती अगदीच खोटी नव्हती. आणि हेही खरं की आमच्याकडे बहुतेक मुलं कुठल्याच मोर्च्यात नव्हती, शनिवारी स्टेडियम भरायचंच.

पण दादा, तू हे वाचशीलच म्हणून लिहितो. त्या शनिवारी टीव्ही तूच बंद केला होतास.