मित्राने मेसेजला उत्तर दिलं नाही तर परत कधी विचारावं?

मेसेज कसला होता, त्यावर ठरतं. "शनिवारी फोंड्याहून डिचोलीला येतोस का?" अशी तारीख ठरलेली असेल तर दुसरा मेसेज टाकत बसू नका. आदल्या दिवशी दुपारच्या आत सरळ फोन करा. पैसे, किल्ली, कागदपत्रं यांचंही तेच. 'कसा आहेस?' असल्या मेसेजला मात्र आठ-दहा दिवस सहज जाऊ द्यावेत.

टिकांवर फार विसंबू नका. व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे मेसेज त्याच्या फोनपर्यंत पोचलेलाच नाही. पावसात गोव्यातल्या सत्तरी-सांगेकडच्या गावांत वीज आणि रेंज दोन्ही गेली की असं होतंच. निळ्या टिका तर सेटिंगमध्ये बंद करता येतात, त्यामुळे करड्या टिका बघून 'वाचलाच नाही' असंही म्हणता येत नाही. आणि बोटीवर नोकरीला असलेल्या मित्राकडून (आपल्याकडे असा एखादा असतोच) झटपट उत्तराची अपेक्षाच चूक.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत तर कुणाच्या मागे लागूच नये. माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची सजावट), पाहुणे, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती. फोन कुठल्या कोनाड्यात असतो कोण जाणे!

दुसऱ्यांदा लिहिताना "बघितलंस का??" नको. हो-नाहीत भागेल असं नवीन काहीतरी विचारा: "शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातोय, येणार?" तेही वाया गेलं तर तिसरा मेसेज नको, वाटेत घर असेल तर डोकावून या. एरवी भरभरून बोलणारा अचानक गप्प झाला असेल तर मात्र दिवस मोजत थांबू नका, घरच्यांना फोन लावा.