लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये गरुडावर बसूनच अंगठी का नाही नेली?

तुम्ही विचारलंय की तिन्ही भाग हिंदीत पाहिले, तरी काही गोष्टी डोक्यात बसल्या नाहीत. गोष्ट थोडक्यात अशी: दुष्ट सॉरॉनची ताकदवान अंगठी त्याच्याच मॉर्डॉर देशातल्या ज्वालामुखीत जाळायची असते, आणि ती घेऊन फ्रोडो निघतो. तुमचे प्रश्न: गरुड होते तर पायी कशाला गेले, राजघराण्यातला अॅरागॉर्न एवढंसं सैन्य घेऊन मॉर्डॉरच्या काळ्या दरवाजावर मरायला का गेला, फ्रोडो ऐन वेळी का फिरला, सॉरॉनला मिळालेला जादूगार सारूमान कुठे गायब झाला, आणि सगळं नीट झाल्यावर फ्रोडो जहाजात बसून कुठे गेला.

मी साकोलीकडचा, भंडारा जिल्हा. धानाची शेती आहे, सिनेमातला जाणकार वगैरे नाही. पण हेच प्रश्न माझ्या भाच्याने मला एका रात्रीत विचारले होते, तेही जागलीवर. धान पिकायला आला की रानडुकरं बांधीत उतरतात, मग रात्र माळ्यावरच काढावी लागते. आदल्या दिवशी त्याने मोबाईलवर तिसरा भाग संपवला होता. वर चढल्या चढल्या सुरू: “मामाजी, गरुड होते त पायी काहून गेले जी?”

मी म्हटलं, आपण इथे काय करून राहिलो ते बघ. हातात टॉर्च आहे आणि ती आपण जंगलाच्या बाजूला मारतो, कारण डुक्कर तिकडून येतं. त्याच वेळी माळ्याखालच्या धुऱ्यावरून उंदीर लोंब्या नेतो, तिकडे आपण बघतसुद्धा नाही. सॉरॉन म्हणजे असाच माळ्यावरचा जागल्या. त्याची टॉर्च आपल्यापेक्षा लय मोठी, एवढाच फरक.

ही एक गोष्ट धरून ठेवली की अर्धे गोंधळ सुटतात. अंगठी सापडली आहे हे सॉरॉनला माहीत आहे. ती कोणी जाळून टाकायला निघेल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही येत नाही. एवढी ताकद हाती आल्यावर कोणी ती फेकतं का? तो स्वतः फेकणार नाही, म्हणून दुसराही फेकणार नाही, असा त्याचा हिशोब. त्याला भीती एकच, की कोणीतरी बलवान ती बोटात घालून आपल्यावर चालून येईल.

आता गरुड घ्या. एवढा मोठा पक्षी उघड्या आभाळातून मॉर्डॉरकडे येताना दिसला तर जागल्याची टॉर्च पहिले कुठे जाईल? शिवाय त्याच्याकडे पंखांच्या जनावरांवर बसलेले नाझगुल, म्हणजे त्याचे भुतासारखे चाकर, आहेतच. शेवटी गरुड येतात तेव्हा त्याचं सगळं लक्ष दरवाजावरच्या लढाईत असतं, आणि फ्रोडो व त्याचा सोबती सॅम यांना ते उचलतात ते अंगठी जळून सॉरॉनचा डोळा विझल्यावर. दुसरं म्हणजे गरुड म्हणजे काही भाड्याची जीप नाही. मूळ गोष्ट लिहिणाऱ्या टॉल्किनच्या ‘हॉबिट’ या आधीच्या पुस्तकात तर ते माणसांच्या वस्तीजवळ जायलाच नकार देतात, लोक धनुष्याने मारतील म्हणून. सिनेमात हे कोणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे आपल्याला ते हाक मारली की येणारे वाटतात. हा दोष सिनेमाचाच, तुमचा नाही.

काळ्या दरवाजाचंही तेच. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या पुस्तकात मिनास तिरिथ या माणसांच्या राजधानीहून जेमतेम सात हजार माणसं निघतात. एवढ्यांनी मॉर्डॉर जिंकता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण सॉरॉनला काय वाटतं? जुन्या राजाचा, इसिल्डुरचा, वारस एवढ्याशा फौजेनिशी दारात आला, म्हणजे अंगठी नक्की याच्याकडे. याआधी अॅरागॉर्न त्या काळ्या गोळ्यात, म्हणजे दूरचं दाखवणाऱ्या पालांतीरमध्ये, सॉरॉनला मुद्दाम स्वतःचं तोंड आणि तलवार दाखवतो. हा प्रसंग थिएटरच्या आवृत्तीत नाही, लांब आवृत्तीत आहे. तो नसला की दरवाजावर जाणं निव्वळ आत्महत्या वाटते. खरं तर ते डुक्कर हाकलायला नाही, टॉर्च फिरवायला गेले होते. मधल्या वेळात फ्रोडो आणि सॅम हे दोन हॉबिट, म्हणजे बुटक्या जातीचे लोक, डोंगर चढतात आणि ज्वालामुखीच्या दारावर साधा एक पहारेकरी नसतो. भाचा यावर लय हसला होता. पण जी गोष्ट होईल असं वाटतच नाही, तिच्यावर पहारा कोण ठेवतो?

फ्रोडोबद्दल मात्र मी तुमच्याशी थोडं भांडणार. तुम्ही लिहिलंय, “शेवटी पलटी मारली.” पलटी नाही ती. पहिल्या भागात फ्रोडोचा नातलग बिल्बो आठवा. 60 वर्षं अंगठी जवळ ठेवली, आणि घर सोडताना ती ठेवून जा म्हटल्यावर म्हातारा कसा अंगावर येतो! तेही आपल्या घरात, सुखात असताना. फ्रोडो तर उपाशी, जखमी, आणि जिथे ती अंगठी घडली त्याच आगीच्या काठावर उभा. तिथे तिचा जोर सगळ्यात जास्त. ती जागा अशी होती की कोणीच आपल्या मनाने ती टाकू शकला नसता, असं टॉल्किनने वाचकांना लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट म्हटलंय. मग काम झालं कसं? गॉलममुळे, म्हणजे बिल्बोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती आणि जो तिच्यापायी वेडा झाला होता त्याच्यामुळे. बिल्बोने त्याला जिवंत सोडलं, फ्रोडोने सोडलं, आणि अंगठीचीच शपथ घेऊन ती मोडणारा तो गॉलम अंगठीसकट आगीत गेला. सिनेमात तो फ्रोडोशी झटापट करताना पडतो, पुस्तकात आनंदाने नाचता नाचता पाय घसरून. मला पुस्तकातलं जास्त पटतं. झटापट दाखवली की शेवटी फ्रोडोच्याच हातून काम झाल्यासारखं वाटतं, आणि तसं ते नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण भाचा इथे अडला होता: नाझगुलांच्या राजाला कोणी मारू शकत नव्हतं, मग एओविनने कसं मारलं? हे आपल्याला खरं तर सोपं जायला हवं, हिरण्यकशिपूची गोष्ट ऐकत मोठे झालो आपण. वरदानात एक फट राहते. मूळ इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे माणूसही आणि पुरुषही. आपल्याकडे बाई नवऱ्याला “आमचा माणूस” म्हणते ना, तसंच. ‘माणसाच्या’ हातून मरण नाही, पण समोर उभी आहे बाई, आणि मागून गुडघ्यात सुरी खुपसणारा फ्रोडोचा मित्र मेरी तर हॉबिट. पुस्तकात मेरीची सुरीही याच राजाशी लढणाऱ्यांनी फार पूर्वी घडवलेली असते. सिनेमात तो धागाच गाळला.

भुतांच्या सैन्याला अॅरागॉर्नने शेवटच्या लढाईआधीच का सोडलं, असंही भाच्याने विचारलं होतं. त्यांनी इसिल्डुरला लढाईचा शब्द देऊन मोडला होता, तेवढं एक देणं बाकी होतं. ते फिटलं, सुटले. पुस्तकात तर ते मिनास तिरिथला येतच नाहीत, दक्षिणेला जहाजं मिळवून दिली की मोकळे.

सारूमानचं उत्तर कात्रीत आहे. 2003 साली तिसरा भाग आला, तो तीन तास एकवीस मिनिटांचा, आणि त्यात त्याचा शेवटचा प्रसंगच कापलेला. चार तासांहून मोठी आवृत्ती आहे, तिच्यात त्याचाच चाकर ग्रीमा त्याला मनोऱ्याच्या टोकावर पाठीत सुरा मारतो. टीव्हीवर पाहिला असेल तर जाहिरातींसाठी अजून काय काय गेलं असेल, देव जाणे.

राहिला फ्रोडो. तो मेला नाही, आमच्या घरात अर्ध्या लोकांना तसंच वाटलं होतं. तो अमर असलेल्या एल्फ लोकांच्या जहाजातून पश्चिमेला जातो, बिल्बो आणि जादूगार गँडाल्फही बरोबर असतात. पहिल्या भागात वेदरटॉप टेकडीवर त्याच्या खांद्यात नाझगुलचं पातं घुसलं होतं. ती जखम वरून भरली, आतून नाही, आणि गावात राहून ती भरणारही नव्हती. माझ्या बाबांचा हात पंधरा वर्षांपूर्वी मळणीयंत्रात गेला होता, थंडी पडली की अजून ठणकतो. त्यांनी तिन्हीपैकी एकही भाग धड पाहिला नव्हता, शेवटी फक्त दारात चहा पीत उभे होते. फ्रोडो खांदा धरतो तो सीन आला तेव्हा आम्ही सगळे “याले काय झालं आता” करत होतो. बाबा म्हणाले, “दुखत असन त्याले,” आणि कप ठेवायला आत गेले.