‘मुद्दाम करतो हो तो!’

जून लागला, पावसाने जोर धरला की घरातल्या वस्तू चावणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लांविषयी मला येणाऱ्या फोनमध्ये एक वाक्य हमखास असतं. म्हापशाचा फ्लॅट असो, फोंड्याचं कौलारू घर असो की मडगावचा बंगला, वाक्य तेच. ‘मॅडम, चावतो त्याचं एवढं काही नाही, पण मुद्दाम करतो हो तो!’ पुढची तक्रारही पाठ झाली आहे. जुनी चप्पल सोडून नवीच धरतो, आम्ही बाहेर गेलो की सूड उगवतो, आणि परत आलो की मान खाली घालून बसतो, म्हणजे त्याला कळतं काय केलंय ते.

मी वर्तनाच्या प्रश्नांवर समुपदेशन करते. सुरुवात शाळकरी मुलांपासून झाली, हल्ली घरातल्या कुत्र्यांसाठी जास्त बोलावणी येतात. बोलायचं दोन्हीकडे मोठ्या माणसांशीच असतं, त्यामुळे कामात फार फरक पडला नाही. दर फोनवर तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा एका घराचा अनुभव सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात घेतलं आहे.

साखळीजवळचं एक गाव. घरातले आजोबा मराठी शाळेतून निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना सर म्हणतो, मीही तेच म्हणू लागले. जत्रेतल्या नाटकाचं दिग्दर्शन वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. मुलगा बोटीवर, सून नोकरीला, नातू आठवीत. मृगाच्या पावसात ह्या नातवाने बसस्टॉपखालून एक गावठी पिल्लू उचलून आणलं. झोपताना अंगाचं वेटोळं करतो म्हणून नाव पडलं सुंगट, म्हणजे कोळंबी. मी गेले ते चतुर्थी उलटल्यावर. तोवर स्वारी पाच महिन्यांची झाली होती.

सुनेने यादीच करून ठेवली होती. सरांच्या चपलेचे अंगठे, चष्म्याचं घर, उशीचा अभ्रा, टीव्हीचा रिमोट, पेटीच्या भात्याचा कोपरा. आणि आदल्या दिवशीची ताजी घटना म्हणजे नाटकाची वही. सरांनी ती माझ्यापुढे ठेवली. दोऱ्याने शिवलेली लांबट वही, मागून नटांना वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर धरतो ती. उजव्या कडेला अर्धवर्तुळाकार घास घेतलेला, लाळेने पानं एकमेकांना चिकटून वाळलेली, तांबड्या पेन्सिलीच्या खुणा फिकट गुलाबी झालेल्या.

‘बाय, तिसरा अंक खाल्लाय त्याने,’ सर म्हणाले. ‘पेटी फाडली तेव्हा दोन ठेवून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेजारचा सांगतो, उताणा पाडून गळ्याशी दाबून धर, घराचा मालक कोण ते कळेल त्याला.’

उताणा पाडून दाबण्याचा हा सल्ला मला गोव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतो. त्याचं मूळ बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं एवढंच कुटुंब असतं, हे डेव्हिड मीच ह्या अभ्यासकाने १९९९मध्ये स्पष्ट मांडलं. तरी ‘मालक कोण’ हे खूळ काही जात नाही. दाबून धरलेलं पिल्लू गप्प होतं ते घाबरून. चप्पल सोडायची असते हे त्यातून त्याला कळत नाही.

‘मग मान खाली का घालतो? चोराच्या मनात चांदणं!’ सून म्हणाली.

तिला मी एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये १४ पाळीव कुत्र्यांवर तो केला होता. मालकाने खाऊ पुढे ठेवायचा, ‘खायचा नाही’ म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो, ते अपराधी तोंड दिसलं ते मालक रागावल्यावर. काहीही न खाता विनाकारण बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तर ते जास्तच दिसलं. म्हणजे आपला आवाज चढला, अंग ताठ झालं की कुत्रं ‘जाऊ द्या हो’ म्हणत असतं. तासाभरापूर्वी फाडलेल्या वहीशी त्या तोंडाचा काही संबंध नसतो. शिक्षा असो की शाबासकी, कृती आणि परिणाम ह्यांत एखाद-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की कुत्र्याला जोड लागत नाही. संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या चपलेसाठी मारलेल्या कुत्र्याला एवढंच समजतं, की संध्याकाळी माणसं घरी येतात तेव्हा ती धोकादायक असतात.

सरांना हे पटलं असं मला वाटलं नाही. मान डोलावली, पण कोपऱ्यातली वेताची काठी जागची हलली नाही.

मी वेळ विचारली. हा प्रश्न मी कधीच सोडत नाही, कारण ‘का’ विचारलं की लोक स्वभाव सांगतात आणि ‘कधी’ विचारलं की प्रसंग सांगतात. सुंगट सकाळी काही करत नव्हता. सगळं घडत होतं संध्याकाळी सातनंतर. तेव्हा पुढच्या दालनात तालीम सुरू व्हायची, दार ओढून घेतलं जायचं, सून स्वयंपाकघरात, नातू शिकवणीला. बाहेर पाऊस, त्यामुळे फिरणं नाही. आणि वस्तू पाहा. रिमोट घरभर फिरणारा, पण बाकी सगळ्या सरांच्या, रोज हाताळलेल्या, घामाचा वास लागलेल्या.

‘म्हणजे माझ्यावरच राग,’ सर म्हणाले.

‘उलट तुमच्यावाचून करमत नाही त्याला,’ असं म्हणायचा मोह मला होतो, पण तेही पूर्ण खरं नाही. ओळखीचा वास ओढतो, चामडं आणि कागद चावायला छान लागतात, हिरड्या शिवशिवतात, आणि त्या तासाला करायला दुसरं काही नसतं. एवढं पुरतं. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. सुंगट अगदी मधोमध होता. दात आले की चावणं आपोआप थांबेल म्हणून वाट पाहत बसणाऱ्यांना मी सावध करते. वयात येताना, म्हणजे वर्ष-दीड वर्षापर्यंत, चावण्याचा जोर पुन्हा येतो आणि तेव्हा जबडा दणकट झालेला असतो.

पुढच्या भेटीला मी मुद्दाम तालमीच्या वेळी गेले. माझ्या कामात घरच्यांच्या सांगण्याइतकंच तिथला तास डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं, असं मी मानते. दालनात पुरुष मंडळी, एकजण पेटीशी, आणि प्रॉम्प्टिंगला कॉलेजातला एक मुलगा, फोटोकॉपी काढून नव्याने शिवलेली वही हातात घेऊन. एक नट वाक्याला अडखळला, भलतंच बोलून बसला. मुलाने मागून खरं वाक्य ओरडून सांगितलं. सर उसळले.

‘अरे, चुकल्यावर सांगून काय उपयोग? तो श्वास घेतो ना, तेव्हा वाक्य सरकवायचं! आणि ओरडतोस काय? त्याला कळलं म्हणजे झालं, शेवटच्या रांगेला नको!’

मला हवं ते मिळालं होतं. चहाच्या वेळी मी सरांशेजारी बसले आणि विचारलं, ‘सर, सुंगटाला तुम्ही प्रॉम्प्ट केव्हा देता?’

त्यांनी बशी खाली ठेवली. चष्मा काढून पुसला, परत घातला.

‘चुकल्यावर,’ ते म्हणाले. आणि मग स्वतःच, ‘तोही काठी घेऊन.’

मग एकदम शिक्षक जागे झाले. ‘म्हणजे सात वाजता तो श्वास घेतो, असं म्हणता तुम्ही. त्याच्या आधी वाक्य द्यायला हवं. पण त्याचं वाक्य कोणतं? “चावू नको” हे काही वाक्य नव्हे. नटाला मी “चुकू नको” असं सांगत नाही.’

इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुस्तकांतूनही नाही. माझ्या कामाचा सगळा गाभा त्यात येतो. नको असलेलं वागणं पुसून टाकता येत नाही, त्याच्या जागी दुसरं बसवावं लागतं आणि तेही वेळेआधी. ते सरांच्या तोंडून आलं म्हणून टिकलं. मी सांगितलं असतं तर एक सल्ला म्हणून राहिलं असतं. घरच्या माणसाच्या स्वतःच्या कामातला दाखला सापडेपर्यंत मी थांबते ते ह्यासाठीच.

मग ‘वाक्य’ ठरवलं. हे बहुतेक घरांना लागू पडेल, म्हणून सविस्तर सांगते.

पावणेसातला नातू सुंगटाला ओसरीवर गोणपाटावर थोडं खाणं पसरून देई. नाकाने हुंगत शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि पिल्लू चालून आल्याइतकं दमतं. पावसाळ्यात हा उपाय मी प्रत्येकाला सांगते. मग पोकळ, जाड रबराचं खेळणं. त्यात उकड्या तांदळाची बिनमिठाची पेज, थोडं दही, काटे काढलेला उकडलेला बांगडा असं भरून फ्रीझरमध्ये गोठवायचं. पहिला नट यायच्या आत ते सुंगटाच्या चटईवर, आणि चटई दालनातच, सरांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, दोरी खुर्चीला. दार ओढून त्याला बाहेर ठेवणं बंद. गारव्याने हिरड्यांना आराम, चाटण्याने जीव शांत, आणि माणसंही जवळ. अधूनमधून सरांनी खाली वाकून हळूच ‘शाब्बास’ म्हणायचं, तो नीट चावत असताना. पिल्लू शहाण्यासारखं वागतं तेव्हा आपण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, ही जवळपास सगळ्या घरांची खोड आहे.

चावायला काय द्यावं, ह्याची एक सोपी पारख आहे. नखाने दाबून खूण उमटली पाहिजे. उमटली नाही तर त्या वस्तूने दात फुटू शकतो. शिजवलेली हाडं नकोतच, त्यांच्या चिपा होतात. गार गाजर चालतं, भिजवून गाठ मारून गोठवलेलं फडकं नजरेसमोर चालतं. नारळाचं सोडण देऊन लोक निश्चिंत होतात. त्याचा काथ्या गिळला तर पोटात गोळा होतो. मे महिन्यात आंब्याची कोय आतड्यात अडकते. काजूच्या हंगामात अंगणात पडलेल्या कच्च्या बियांच्या सालीतलं तेल तोंड भाजतं. आणि जुनी चप्पल खेळायला देऊन नवीची अपेक्षा करू नका, त्याला दोन्ही चपलाच.

दुसरी बाजू माणसांनी सांभाळायची. नाटकाची वही कपाटात, पेटीवर पेटीचं झाकण, चार्जरच्या वायरी उंचावर, गोळ्यांच्या पट्ट्या बंद डब्यात. आपली वेदनाशामक गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याला घातक ठरते. ‘म्हणजे आम्हीच बदलायचं?’ असं मला ऐकवलं जातं. होय, पहिले काही महिने. चावलेली प्रत्येक चप्पल हा त्याच्यासाठी सराव असतो आणि सराव झालेली सवय मोडायला वेळ लागतो. मिरची पूड फासण्याचा उद्योग मात्र करू नका. डोळ्यांत जाते, आणि काही कुत्र्यांना तिखट आवडतंही!

तोंडात वस्तू दिसली की मागे धावू नये. त्याला तो खेळ वाटतो. हिसकावली तर पुढच्या वेळी तो घाईने गिळतो किंवा गुरगुरतो. हातात खाऊ धरून जवळ जायचं, त्याने तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणायचं, खाऊ द्यायचा, वस्तू शांतपणे उचलायची. नातवाला हे चटकन जमलं. सुनेला झोपेचा मुद्दा पटला. ह्या वयाचं पिल्लू दिवसाचे १६-१८ तास झोपतं, आणि झोप मोडलेलं पिल्लू जास्त चावतं. दुपारी शेजारच्या पोरांनी त्याला खेळवत ठेवणं तिने बंद केलं.

मध्ये एकदा सरांचा फोन आला. तालीम लांबली, खेळणं चाटून संपलं, आणि सुंगटाने लक्ष्मणाच्या भात्याचा पट्टा तोडला. आवाजात राग नव्हता. ‘दुसरं खेळणं तयार हवं होतं, बाय. अंक मोठा होता.’ मला जितका आनंद झाला तितका निर्दोष संध्याकाळीचा झाला नसता, कारण ‘मुद्दाम’ हा शब्द त्या घरातून गेला होता.

एक भेद मात्र ध्यानात ठेवा. तुमचं पिल्लू फक्त एकटं असतानाच चावत असेल, चौकट, दार, खिडकी ओरबाडत असेल, लाळ गाळत किंवा केकाटत असेल, तर ते एकटेपणाने घाबरलेलं असतं. त्याला नुसतं खेळणं देऊन भागत नाही. एकटं राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवावी लागते आणि त्यासाठी प्रत्यक्ष भेट लागते. माती, विटा, भिंतीचा चुना खात असेल तर आधी पशुवैद्याकडे विष्ठेची तपासणी करून घ्या, जंत असू शकतात. आणि काही गिळल्याचा संशय असून वारंवार उलट्या होत असतील, खाणं टाकलं असेल, पोट फुगलं असेल, तर मला फोन करू नका. त्या क्षणी पशुवैद्य गाठा.