निकाल सात मतांचा, मुदत पंधरा दिवसांची

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावातून आलेले पत्र थोडक्यात असे:

"ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वॉर्डातला उमेदवार सात मतांनी पडला आणि त्या एका जागेपायी पंचायत दुसऱ्या पॅनलकडे गेली. फेरमोजणी तोंडी मागितली, दिली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाड्यांतली दोनेकशे माणसे तहसील कार्यालयावर गेली, तासभर रस्त्यावर बसली. मागून कुणीतरी दगड मारला, सरकारी जीपची काच फुटली. अकरा जणांवर नावानिशी आणि 'इतर ६० ते ७० जणांवर' गुन्हा दाखल झाला आहे. माझे नाव त्यात नाही, पण काल पोलीस ठाण्यातून व्हॉट्सअॅपवर 'चौकशीकामी हजर राहावे' असा निरोप आला. मी मर्चंट नेव्हीत आहे, तीन आठवड्यांनी जहाजावर रुजू व्हायचे आहे. सोमवारी खेडच्या भरणे नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग रोखायचे ठरते आहे. जिल्ह्यात जमावबंदी आहे म्हणतात. मी ठाण्यात जावे का? सोमवारी जावे का? आणि या निकालाचे काही होऊ शकते का? आज निकालाला चार दिवस झाले."

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी दोन्ही गोष्टींना थोडा वेळ आहे, याला नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निवडणुकीच्या वैधतेला आव्हान द्यायचे तर निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करावा लागतो. तुमच्यासाठी ते दापोलीचे न्यायालय. चार दिवस गेले, अकरा उरले. उशीर माफ करून मिळेल या भरवशावर राहू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ओ नुसार पंचायतीच्या निवडणुकीला निवडणूक अर्जाखेरीज दुसऱ्या मार्गाने आव्हान देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या, मोर्चा काढा, उपोषणाला बसा. त्यातून तुमचा राग सरकारदरबारी पोचेल, पण जाहीर झालेला निकाल यांतल्या कशानेही बदलणार नाही. गावेच्या गावे आंदोलनात दोन आठवडे घालवतात आणि सोळाव्या दिवशी वकिलाकडे येतात. मग सांगण्यासारखे काही उरत नाही, म्हणून हे इतके ठासून लिहितो आहे.

अर्ज पडलेल्या उमेदवारालाच करावा लागतो असे नाही, तिथला कोणताही पात्र मतदार करू शकतो. तुम्ही मात्र अर्जदार होऊ नका. साक्षीच्या वेळी तुम्ही समुद्रावर असाल. उमेदवार आणि गावात राहणारा एखादा मतदार, असे दोघे पुढे करा. निवडून आलेल्या उमेदवाराला प्रतिवादी करायला विसरू नका.

आता अर्जात काय असावे, कारण बहुतेक अर्ज इथेच पडतात. "मतमोजणीत घोळ झाला, फेरमोजणी व्हावी" एवढ्यावर न्यायालय यंत्राचे सील तोडत नाही. मतदानाची गुप्तता जपायची असते, म्हणून नेमकी वस्तुस्थिती आणि तिला आधार लागतो. शिवाय अधिकाऱ्याकडून भ्रष्ट हेतूविना झालेली चूक किंवा अनियमितता, एवढ्याच कारणावर निवडणूक रद्द होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. ग्रामपंचायतीला व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी काढणारे यंत्र, नसते. तेव्हा "चिठ्ठ्या मोजा" ही मागणीच लागू पडत नाही. यंत्राचे बटण पुन्हा दाबले तरी आकडा तोच येणार. तपासायचे ते यंत्राभोवतीचे कागद: केंद्राध्यक्षांनी मतदान संपल्यावर भरलेला मतांचा हिशेब, यंत्रातली एकूण मते, आणि मोजणीच्या तक्त्यावर उतरवलेला आकडा. हे तीन आकडे जुळतात का, हे तुमच्या मतदान आणि मतमोजणी प्रतिनिधींच्या वह्यांवरून आजच ताडून पाहा.

दुसरी जागा म्हणजे खूण केलेली मतदार यादी. किनाऱ्यावरच्या गावांत निम्मी तरणी पोरे मुंबईत, आखातात नाहीतर जहाजावर. "चाकरमान्यांची नावे मुंबईच्या यादीतही आहेत" ही तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते, पण यादीवर हरकती घेण्याचा टप्पा निवडणुकीआधीच संपलेला असतो, आणि निवडणूक अर्जात यादी पुन्हा उघडता येत नाही. जो माणूस त्या दिवशी गावात नव्हताच, त्याच्या नावापुढे मतदान झाल्याची खूण असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्यासारख्याच एखाद्या खलाशाच्या सीडीसीवर, म्हणजे जहाजावरच्या नोकरीची नोंद असणाऱ्या पुस्तिकेवर, मतदानाआधीच्या तारखेचा साइन-ऑनचा (जहाजावर रुजू झाल्याचा) शिक्का आहे, साइन-ऑफ (जहाज सोडल्याची नोंद) झालेला नाही, आणि यादीत त्याच्या नावाने मत पडले आहे, याच्याइतका भक्कम पुरावा शोधून मिळत नाही. आखातात असलेल्याच्या पासपोर्टवरचे इमिग्रेशनचे शिक्के, मयताचा ग्रामपंचायतीतूनच मिळणारा मृत्यूचा दाखला, हे त्याच जातीचे कागद. अशी निदान सात नावे तरी दाखवता आली पाहिजेत. फरक सात मतांचा असताना तीन खोटी मते सिद्ध केलीत तर न्यायालय म्हणेल, निकालावर परिणाम झालाच नाही.

या कामासाठी दोन अर्ज उद्याच तहसील कार्यालयात द्या. एक, मतमोजणीच्या कागदांच्या प्रमाणित प्रतींसाठी. दुसरा, यंत्रातली माहिती, खूण केलेली यादी आणि मतमोजणीचे चित्रीकरण झाले असल्यास ते जपून ठेवावे यासाठी. दोन्हींच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. फेरमोजणी तोंडी मागितली हे दुबळे झाले, ती निकाल जाहीर होण्याआधी लेखी आणि कारणांसह मागायची असते. तरी तिथे हजर असलेल्या प्रतिनिधींची प्रतिज्ञापत्रे अर्जाला जोडता येतील.

(इतर निवडणुकांच्या मुदती निराळ्या: नगरपरिषद, नगरपंचायतीला राजपत्रात नावे प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवस आणि जिल्हा परिषद, पंचायत समितीला निकालापासून १५ दिवस, दोन्ही जिल्हा न्यायाधीशांकडे, विधानसभा, लोकसभेला ४५ दिवस, उच्च न्यायालयात.)

आता पोलिसांकडे वळू. गुन्ह्याची प्रत आधी मिळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले एफआयआर पाहता येतात. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे २४ तासांत टाकावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले आहे. त्यातली कलमे सारख्या वजनाची नसतात. भारतीय न्याय संहितेचे कलम १८९(२) म्हणजे बेकायदा जमाव, १२६(२) म्हणजे वाट अडवणे, २२३ म्हणजे आदेशभंग. ही सगळी जामीनपात्र. १९१(२), म्हणजे दंगा, ऐकायला मोठे वाटते, पण तेही जामीनपात्र आहे. खरी डोकेदुखी दोन कलमांची: १३२, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, आणि काच फुटली म्हणून सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायद्याचे कलम ३. दोन्ही अजामीनपात्र. यांपैकी एखादे त्या कागदावर असेल तर ठाण्यात जाण्याआधी वकिलाला भेटा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का ते ठरवा.

दगड तुम्ही मारला नाहीत, तरी न्याय संहितेचे कलम १९० आडवे येते. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला तर जमावातला प्रत्येक जण दोषी धरता येतो. पण त्यासाठी तुम्ही त्या उद्देशात सामील होतात हे दाखवावे लागते. नुसते तिथे असणे पुरत नाही. निकालाविरुद्ध शांतपणे रस्त्यावर बसायला आलेल्या दोनशे जणांचा उद्देश काच फोडणे नव्हता, हाच तुमचा बचाव, आणि तो चित्रीकरणावर उभा राहील. म्हणून मोबाइलमधले त्या दिवसाचे व्हिडिओ, फोटो, ग्रुपवरचे मेसेज यांतले काहीही पुसू नका. पुसणे हा पुराव्याचा नाश ठरू शकतो, आणि तुम्ही दगडाच्या जागेपासून लांब बसला होतात हे दाखवणारा तुकडाही त्याबरोबर जाईल. मूळ मोबाइल जपा, पुढे न्यायालयात तोच लागतो.

व्हॉट्सअॅपवरच्या निरोपाबद्दल: आरोपीला द्यायची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, साक्षीदाराला द्यायची कलम १७९ ची. ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. याचा अर्थ निरोपाकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. वकिलामार्फत दोन ओळींचे पत्र द्या: लेखी नोटीस द्यावी, अमुक तारखेला मी हजर राहतो. नोटीस हातात आली की आधी कलम वाचा. ३५(३) असेल तर ठरल्या वेळी गेलेच पाहिजे. गेलात आणि सहकार्य केलेत तर कारणे लेखी नोंदवल्याखेरीज अटक करता येत नाही, न गेलात तर ते न जाणेच अटकेचे कारण होते. आधार कार्डाची प्रत न्या, घरचे एखादे माणूस बाहेर बसू द्या, आणि हजर राहिल्याची पोच किंवा स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक मागून घ्या.

जबाबाच्या वेळी "मी तिथे नव्हतोच" हे वाक्य तोंडातून काढू नका. व्हिडिओत तुम्ही दिसलात की खरे बोललेलेही खोटे वाटू लागते. स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा हक्क तुम्हाला आहे. खोटे सांगण्यापेक्षा तो वापरा. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कलम १८१ तसे स्पष्ट सांगते. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

तहसीलदारांकडून वेगळा कागद येईल तो चॅप्टर केसचा. पूर्वी त्याला १०७ म्हणत, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६. ती शिक्षा नव्हे; शांतता राखीन असे वर्षापर्यंतचे बंधपत्र का घेऊ नये, एवढीच कारणे दाखवा नोटीस असते. लेखी उत्तर द्या. घाईघाईत बंधपत्रावर सही करून मोकळे होऊ नका. नंतर काही घडले तर बंधपत्रात लिहिलेल्या रकमेवर बोट ठेवले जाते.

सोमवारचे माझे मत सरळ आहे: भरणे नाक्यावर जाऊ नका, आणि इतरांनाही महामार्गापासून लांब ठेवा. तहसील कार्यालयासमोर बसणे वेगळे आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ अडवणे वेगळे. महामार्ग वाहतुकीला अडेल किंवा धोकादायक होईल असे नुकसान झाले तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ८-ब मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. टायर जाळला आणि डांबर उखडले की हे कलम लावायला जागा मिळते. खेड स्टेशनात गाडी अडवायची कुणाला सुचत असेल तर त्यालाही आवरा, रेल्वे कायद्याच्या कलम १७४ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

निषेध करूच नये असे मी म्हणत नाही. शांततेने, विनाशस्त्र एकत्र येणे हा अनुच्छेद १९ ने दिलेला हक्क आहे, आणि निकाल पटला नाही तर तसे मोठ्याने म्हणायला लोकांनी बाहेर पडलेच पाहिजे. जमावबंदी म्हणजे बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(३). शासनाच्या मंजुरीशिवाय ती एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेशाची प्रत मिळवा, मुदत आणि कक्षा वाचा, मग परवानगीचा अर्ज करा. अर्जात तारीख, वेळ, मार्ग किंवा मैदान, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक, आयोजकांची नावे आणि मोबाइल, प्रत्येक वाडीचे दोन स्वयंसेवक लिहा. पोलीस बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस देतील, जिला अजून सगळे १४९ म्हणतात. तो गुन्हा नव्हे, समज आहे. "मिळाली" एवढे लिहून सही करा.

धरणे चालू असताना "पांगा" असा आदेश ध्वनिक्षेपकावरून झाला की मात्र उठायचे. त्यानंतरही बसून राहणे हा न्याय संहितेच्या कलम १८९(५) खाली स्वतंत्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. आदेश किती वाजता झाला आणि मंडळी किती वाजता उठली, हे एका स्वयंसेवकाने मोबाइलवर टिपत राहावे. भाषणात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे नाव घेऊन "पैसे खाल्ले" म्हणू नका. पुरावा असेल तर तो अर्जात घाला, नसेल तर मानहानीचा दावा ओढवून घ्याल.

राहता राहिले तुमचे जहाज. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून पासपोर्ट जप्त होत नाही. पासपोर्ट कायद्यात अडथळा येतो तो फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित झाल्यावर, म्हणजे ढोबळमानाने दोषारोपपत्रानंतर. तेव्हाही न्यायालयाची परवानगी घेऊन प्रवास आणि नूतनीकरण करता येते. नूतनीकरण जवळ आले असेल तर अर्जातल्या प्रकरणांच्या रकान्यात जे आहे तेच लिहा. अटकपूर्व जामीन मागायची वेळ आलीच तर नेमणूकपत्र, सीडीसी आणि रुजू होण्याची तारीख अर्जालाच जोडा आणि नोकरीसाठी परदेशी जाण्याची मुभा त्याच आदेशात मागा. "परवानगीशिवाय देश सोडू नये" अशी अट एकदा पडली की ती शिथिल करून घ्यायला पुन्हा तारखा पडतात, आणि तुमच्याकडे तीन आठवडेच आहेत. सत्र न्यायालयाने नाकारले तर रत्नागिरी जिल्ह्याला आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच चालू आहे. अकरा जणांपैकी ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळतो.