ट्रंकेवरचं नाव आणि एकरभर रान

शिरोळ तालुक्यातून एका निवृत्त हवालदारांचं पत्र आलं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांची नोकरी झाली. मुलगी कोल्हापुरात अकरावी सायन्सला आहे आणि तिला लष्करात अधिकारी व्हायचं आहे. ते लिहितात: "माझे कंपनी कमांडर मेजरसाहेब अमेरिकेला स्टाफ कॉलेजला गेले, तेव्हा त्यांच्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव मीच लिहिलं होतं. आपल्या पोरीनंही तिथं शिकावं असं तेव्हापासून डोक्यात आहे. कोल्हापुरातले एक सल्लागार म्हणतात, आधी इंग्लंडातून संरक्षणशास्त्राची पदवी घेतली की अशा कॉलेजात थेट नंबर लागतो. पहिल्या वर्षाला 22 लाख लागतील. एकरभर रान विकायची तयारी आहे, गिऱ्हाईक पण आलंय. विकू का? आणि मुलींना असं पाठवतात का?"

हवालदारसाहेब,

रान विकू नका. पत्र मिळाल्याबरोबर हे तुम्हाला फोनवरून सांगितलं आहेच. पण असाच प्रश्न पडलेली घरं आपल्या जिल्ह्यात बरीच आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तुम्ही रंगवलेल्या त्या ट्रंका पुन्हा डोळ्यांसमोर आणा. नावाच्या आधी 'मेजर' लिहिलं होतं ना? तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका शब्दात आहे. गावाकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आपण प्रेमानं 'मेजर' म्हणतो, तुम्हालाही म्हणत असतील. पण खरा मेजर व्हायला कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाल्यावर सहा वर्षं लागतात. स्टाफ कॉलेज म्हणजे सेवेतल्या अधिकाऱ्यांना मोहिमांचं नियोजन शिकवणारं कॉलेज, त्याचा विषय निघतो तो त्यानंतर. साहेब अमेरिकेला विद्यार्थी म्हणून अर्ज करून गेले नव्हते, त्यांना लष्करानं पाठवलं होतं. तिथल्या जागा एक सरकार दुसऱ्या सरकारला देतं. त्या जागेवर कोण जाणार हे आपलं सैन्य आणि संरक्षण मंत्रालय ठरवतं आणि त्या काळात अधिकाऱ्याचा पगार चालू असतो. घरच्यांनी फी भरून या कॉलेजांत प्रवेश मिळत नाही. ज्यानं पैसे घेऊन 'थेट नंबर' सांगितला, त्याला ही व्यवस्था माहीत नाही, किंवा माहीत असून तो तुम्हाला सांगत नाही.

सल्लागाराच्या बोलण्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच माणसं फसतात. इंग्लंडमधलं लष्कराचं जुनं स्टाफ कॉलेज कॅम्बर्लीला होतं. 1997 मध्ये तिन्ही दलांची अशी कॉलेजं एकत्र केली आणि आता ते संयुक्त कॉलेज श्रिव्हनमला आहे. तिथली शैक्षणिक बाजू लंडनचं किंग्ज कॉलेज सांभाळतं. याच किंग्जमध्ये युद्धशास्त्राचा नामांकित विभाग आहे आणि तिथे साध्या विद्यार्थ्यालाही पदवी घेता येते. पदवी चांगलीच आहे. संशोधन, पत्रकारिता, अध्यापन यांत जायचं असेल तर जरूर विचार करावा. पण त्या वर्गातून श्रिव्हनमच्या वर्गात जायला दार नाही. तिथे बसतो तो गणवेशातला, त्याच्या देशानं पाठवलेला अधिकारी.

आणि यात वयाचा हिशेब फार कडक आहे. एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. मुलगी बारावीनंतर तीन वर्षं बाहेर गेली की एनडीए कायमची हातातून गेली. मग उरते पदवीनंतरच्या सीडीएस परीक्षेतून चेन्नईची ओटीए ही अधिकारी प्रशिक्षण अकादमी. करवीर तालुक्यातला एक मुलगा असाच परत आला आणि माझ्यासमोर बसला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. घरावर कर्ज होतं आणि त्याला अगदी पहिल्यापासून तयारी करायची होती. त्याच्या वडिलांनी सगळा वेळ मान वर केली नाही. ती दुपार मी विसरलेलो नाही, म्हणून तुमच्या बाबतीत इतका हट्टानं सांगतो आहे.

आता खरा रस्ता. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते: गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता 600 गुणांची, आणि पुढे एसएसबीच्या, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला 900. बारावीत असतानाच अर्ज करता येतो. निवड झाली की खडकवासल्याला तीन वर्षं, सरकारी खर्चानं, आणि बाहेर पडताना जेएनयूची पदवी हातात. म्हणजे ज्या पदवीसाठी तुम्ही रान विकायला निघालात, ती इथे प्रशिक्षणाबरोबरच मिळते. मुलींसाठी हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानं उघडलं आणि 2025 च्या मे महिन्यात 17 मुलींची पहिली तुकडी एनडीएतून बाहेर पडली. त्यानंतर अकादमी, युनिट, सीमेवरच्या पोस्टिंग. हे सगळं तुम्ही आतून पाहिलेलं आहे, मी काय सांगणार!

मग मेजर असताना स्टाफ कॉलेजची परीक्षा येते. आपलं स्टाफ कॉलेज निलगिरीत वेलिंग्टनला आहे. मूळ मात्र आपल्याच मातीतलं: 1905 मध्ये ते नाशिकजवळ देवळालीला सुरू झालं, 1907 मध्ये क्वेट्ट्याला गेलं आणि फाळणीनंतर आपल्या वाट्याचं कॉलेज वेलिंग्टनला उभं राहिलं. तिथे वर्षभराच्या आतबाहेरचा अभ्यासक्रम असतो आणि मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. मिळते. लष्कराच्या अधिकाऱ्याला त्याआधी पार्ट बी, पार्ट डी या बढतीच्या परीक्षा पास व्हावं लागतं. मग रणनीती, लष्करी इतिहास, कायदा, चालू घडामोडी, प्रशासन असे पेपर असतात. एसीआर, म्हणजे वरिष्ठांचे वार्षिक गोपनीय अहवाल, चांगले हवेत, शेप-वन हा तब्येतीचा वरचा दर्जा हवा. ही परीक्षा, सेवेतलं काम आणि त्या वर्षी कुठल्या देशानं किती जागा दिल्या, यावर परदेशाची निवड ठरते. अमेरिकेत कॅन्ससमधलं फोर्ट लेव्हनवर्थ, इंग्लंडातलं श्रिव्हनम, ऑस्ट्रेलियात कॅनबेरा, फ्रान्समध्ये पॅरिस, तसंच ढाका आणि श्रीलंकासुद्धा. मुलींबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देतो: 2022 मध्ये लष्करातल्या महिला अधिकारी पहिल्यांदा स्टाफ कॉलेजची ही परीक्षा पास झाल्या. तेव्हा वाट पाडलेली आहे.

परदेशात काय शिकवतात, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोर्ट लेव्हनवर्थचं कॉलेज 1881 पासूनचं आहे आणि बाहेरच्या देशांचे अधिकारी तिथे एकोणिसाव्या शतकापासून येतात. अभ्यासक्रम साधारण दहा महिन्यांचा. नकाशे, मोहिमांचं नियोजन, इतिहास हे सगळीकडेच असतं. माझ्या मते जास्त मोलाचं असतं ते शेजारच्या खुर्चीवर. तिथे जॉर्डनचा, जपानचा, ब्राझीलचा मेजर बसलेला असतो आणि एकाच नकाशाकडे बघून तो वेगळाच निर्णय घेतो. का घेतला, हे समजून घेता घेता वर्ष जातं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर किंवा संयुक्त सरावात तोच माणूस भेटतो, तेव्हा ओळख आधीच झालेली असते. आपल्या वेलिंग्टनलाही मित्रदेशांचे अधिकारी शिकायला येतात ते याच कारणानं.

पण परदेशाला देव्हाऱ्यात बसवू नका. लागोपाठचे तीन लष्करप्रमुख बघा. जनरल बिपिन रावत वेलिंग्टनलाही शिकले आणि फोर्ट लेव्हनवर्थलाही. त्यांच्यानंतरचे पुण्याचे जनरल मनोज नरवणे वेलिंग्टनचे. त्यांच्यानंतरचे नागपूरचे जनरल मनोज पांडे कॅम्बर्लीचे. तिघंही एकाच खुर्चीवर पोचले. आपल्या कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात इंग्लंडातल्या सॅंडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून 1926 मध्ये अधिकारी झाले, ते गावागावांत अभिमानानं सांगितलं जातं आणि 'शिकायचं तर विलायतेत' हा समज मला वाटतं तिथूनच आला. पण त्या वेळी देशात अकादमीच नव्हती. डेहराडूनची सुरू झाली 1932 मध्ये. थोरातसाहेबांना जावं लागलं, तुमच्या मुलीला घरापासून चार-पाच तासांवर खडकवासला आहे.

आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगतो. माझ्याकडे पूर्वी यायचा तो एक विद्यार्थी आज मेजर आहे. स्टाफ कॉलेजच्या परीक्षेआधी सुट्टीवर आला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्यावर पारदर्शक कागद, लाल-निळ्या खुणा आणि शेजारी घड्याळ. तो हातानं उत्तरं लिहीत होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनचा घट्टा पडलेला, सुपारीएवढा. मला म्हणाला, "सर, माहिती सगळ्यांना असते. वेळेत, नेमकं आणि क्रमानं लिहिता येत नाही, तिथं माणूस मागे पडतो."

स्टाफचं काम म्हणजे हेच. समोर अडचण आहे, वेळ थोडा आहे. उद्देश काय, कुठल्या गोष्टींचा परिणाम होणार, पर्याय किती, त्यातला कुठला घ्यायचा आणि का, हे एका पानावर असं लिहायचं की वाचणाऱ्यानं परत विचारायला येऊ नये. गस्तीला निघण्यापूर्वी जमिनीवर मातीचं मॉडेल करून तुम्ही सेक्शनला हुकूम देत होतात, त्याचंच हे मोठं रूप. म्हणून मुलीला हे शिकवायला तुमच्यापेक्षा चांगला माणूस मला कोल्हापुरात सापडणार नाही. क्लासची जाहिरात शोधत बसू नका.

तिला पहिला अभ्यास मीच देतो. समजा, जुलै संपत आला आहे, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली आहे, 43 फुटांची धोका पातळी किती तासांत येईल ते माहीत नाही. कृष्णेलाही पाणी आहे, अलमट्टीचा विसर्ग रोज बदलतो आहे. तुमच्या गल्लीत किती घरं, किती म्हाताऱ्या माणसांना उचलून न्यावं लागेल, किती म्हशी? कुठला रस्ता आधी पाण्याखाली जातो? ट्रॅक्टर किती, डिझेल किती? जनावरं माणसांच्या आधी हलवायची की नंतर? (2019 मध्ये जनावरं सोडून यायला माणसं तयार नव्हती, ते तुम्ही पाहिलं असेल. हा मुद्दा गाळून केलेली योजना कागदावरच राहते.) यावर तिनं एक पान लिहावं. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. पानाला चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. तुम्ही वाचा आणि जिथे 'म्हणजे काय?' असं विचारावंसं वाटेल तिथे लाल खूण करा. आठवड्याला असं एक पान पुरे. विषय बदलत राहा: कधी जोतिबाच्या यात्रेची गर्दी, कधी गावातलं पाणी बंद पडलं तर.

बाकी तयारी थोडक्यात. गणित रोज, त्याला पर्याय नाही. इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, न अडखळता. पळणं तुम्ही बघालच. एनसीसी असेल तर ती मनापासून करू दे. आणि धाकटं भावंड कुणी असेल तर दहावीतच लक्ष घाला: मुलांसाठी संभाजीनगरची आणि मुलींसाठी नाशिकची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, दोन्ही राज्य सरकारच्या. तुमच्या मुलीचं ते वय गेलं, त्याची खंत नको.

एक गोष्ट तिला मी स्वतः विचारणार आहे, तुमच्यासमोर. स्टाफ कॉलेज, अमेरिका हे तुमचं स्वप्न आहे की तिचं? पत्रात 'तेव्हापासून डोक्यात आहे' असं तुम्ही लिहिलंत, तिचं एकही वाक्य नाही. ट्रंकेवर नाव रंगवताना तुम्हाला जे वाटलं ते मला समजतं, वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण मेजर होईपर्यंत तिला बर्फात, वाळवंटात, कुठेही पोस्टिंग काढावं लागेल. ते तिला स्वतःला हवं असेल तरच निभेल. ती 'हो' म्हणाली तर पुढची दोन वर्षं मी तुमच्याबरोबर आहे.

गिऱ्हाइकाकडून विसार घेतला असेल तर तो परत करा, साठेखत झालं असेल तर सही केलेला कागद घेऊन आधी ओळखीच्या वकिलाकडे जा. सल्लागाराला काही रक्कम दिली असेल तर पावती शोधून ठेवा. येत्या रविवारी सकाळी दहाला दोघंही या. तिला पुराचं ते पान आणायला सांगा. खाडाखोड असली तरी चालेल, फक्त तिच्या हातचं असू दे.